कॅमेऱ्याचा रकाना झाका : छायाचित्र स्पर्धांच्या संयोजकांना आणि परीक्षकांना खुलं पत्र

संयोजक आणि परीक्षक मंडळी,

स.न.वि.वि.

तुमच्या प्रवेशिकेत स्पर्धकाचं नाव आणि चित्राचं शीर्षक यांच्या खाली एक रकाना असतो, 'कॅमेरा व लेन्स'. तो काढून टाका, आणि काढणं जमत नसेल तर निकाल लागेपर्यंत परीक्षकांच्या नजरेआड ठेवा, अशी माझी मागणी आहे. एका रकान्यासाठी एवढं लांबलचक पत्र कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण या रकान्यापायी एका स्पर्धकावर अन्याय झालेला मी पाहिला आहे. तो करणारा मीच होतो, त्यामुळे ऐकीव गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही.

काही वर्षांपूर्वी हौशी छायाचित्रकारांच्या एका स्पर्धेत तिघा परीक्षकांपैकी एक जण ऐन वेळी आजारी पडले आणि त्यांच्या खुर्चीत मला बसवलं गेलं. पडद्यावर चित्र यायचं आणि खाली बारीक अक्षरांत कॅमेरा, लेन्स, शटरचा वेग. दुपारी एक चित्र आलं. पावसात रस्ता ओलांडणारी बाई, छत्रीसकट हललेली, चेहरा ओळखू न येण्याइतकी. पट्टीत एका नामांकित कॅमेऱ्याचं नाव होतं, जो घ्यायचं माझ्या मनात वर्षानुवर्षं घोळत होतं. मी शेरा लिहिला, 'गतीचा अनुभव उत्तम', आणि दहापैकी आठ गुण दिले. पंधरावीस चित्रांनंतर त्याच जातीचं दुसरं आलं. सायकलवरचा मुलगा, तोही हललेला. पट्टीत फोनचं नाव. मी लिहिलं, 'फोटो हलला आहे'. चार गुण.

संध्याकाळी बेरजा करताना दोन्ही शेरे एकाच पानावर एकाखाली एक दिसले. गुण बदलायला तेव्हा वेळ होता. मी बदलले नाहीत. उरलेल्या दोघांना कारण सांगावं लागलं असतं.

कॅमेऱ्याचं नाव वाचून मी ठरवून टाकलं होतं की एकाने हे मुद्दाम केलंय आणि दुसऱ्याला जमलेलं नाही. प्रत्यक्षात उलटंही असेल. महागड्या कॅमेऱ्याच्या मालकाचा हात हलला असेल, आणि फोनवाल्याने संथ शटर ठेवून तासभर एकाच वळणावर सायकली टिपल्या असतील. मला काय कळणार? चित्रात ते दिसत होतं का, हे पाहण्याचे कष्ट मी घेतलेच नाहीत, कारण पट्टीने मला उत्तर आधीच पुरवलं होतं.

धूसर चित्राला चूक म्हणायचं की निवड, हा वाद तसा आपल्यापेक्षा खूप जुना आहे. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या इंग्लंडमधल्या छायाचित्रकार बाईला १८६३ साली, वयाच्या ४८व्या वर्षी, मुलीने आणि जावयाने पहिला कॅमेरा भेट दिला. जड लाकडी पेटी, ओल्या काचा, मिनिटांच्या हिशेबात चालणारं एक्स्पोजर, म्हणजे काचेवर प्रकाश पडू देण्याचा वेळ. तिची माणसं किंचित धूसर यायची आणि त्या काळचे जाणकार तिला नाकं मुरडायचे. ही बाई यंत्र चालवायलाच शिकलेली नाही, असं त्यांचं म्हणणं. तिने नंतर आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे की फोकस करताना एका टप्प्यावर चित्र डोळ्यांना सुंदर दिसू लागायचं, आणि बाकीचे लोक तिथून पुढे भिंग फिरवत अगदी रेखीव करतात तसं न करता ती तिथेच थांबायची. आज तिची ती धूसर व्यक्तिचित्रं संग्रहालयांत आहेत. नाकं मुरडणाऱ्यांपैकी कितींची चित्रं आज कुणी पाहतं, हा प्रश्न मी विचारणार नाही, कारण माझं नाव त्यांच्याच यादीत जाईल.

एवढं वाचून तुम्ही मला 'कॅमेऱ्यात काही नसतं, नजरेत असतं' म्हणणाऱ्यांच्या पंगतीत बसवाल. कृपा करून तसं करू नका. उचलली जीभ लावली टाळ्याला, अशातलं ते वाक्य आहे, आणि माझा अनुभव असा की ते म्हणणाऱ्याच्या खांद्याला बहुधा त्याच्याकडचा तिसरा कॅमेरा लटकत असतो.

मी बरीच वर्षं रंगमंचावरच्या नाटकांचे फोटो काढतो. अंधारात एक दिवा, त्यात हलणारा नट. f/५.६ च्या भिंगाऐवजी f/२.८ चं भिंग लावलं (हा आकडा जितका लहान, तितकं भिंगाचं छिद्र मोठं) की चौपट प्रकाश आत येतो, म्हणजे शटरला चौपट वेग मिळतो. माझ्या पहिल्या भिंगाने नटाचा वळणारा हात धुरासारखा यायचा. दुसरं घेतलं आणि बोटं मोजता येऊ लागली. या दोन भिंगांच्या मधल्या काळात माझ्या नजरेत काही फरक पडला नव्हता. कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पूर्ण आकाराच्या सेन्सरचं क्षेत्रफळ ३६ गुणिले २४, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर असतं, आणि बहुतेक फोनमध्ये ते शंभराच्या आत असतं. त्यामुळे अंधारात फोनला एका चित्राऐवजी झपाझप अनेक चित्रं घेऊन ती एकावर एक रचावी लागतात. नट स्थिर असेल तर हे छान जमतं. नट नाचायला लागला की फोनची गणितं घसरतात. उडणारा पक्षी, धावता खेळाडू, मुंगीचा डोळा, दूरची आकाशगंगा यांच्याबाबतीत 'नजर हवी' हे सांगणं म्हणजे विहिरीत पडलेल्याला दोराऐवजी पोहण्याचं महत्त्व सांगणं.

काही चित्रं तर यंत्राशिवाय कुणाच्या कल्पनेतसुद्धा नव्हती. घोडा दौडताना त्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीपासून सुटतात का, यावर लोक वाद घालायचे. चित्रकार पिढ्यान्‌पिढ्या पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेला घोडा रंगवत आले. १८७८ साली एडवर्ड मायब्रिज यांनी धावपट्टीच्या कडेने १२ कॅमेरे ओळीने मांडले आणि घोडा पुढून जाताना एकेक शटर उघडत गेलं. पाय सुटतात हे खरं निघालं, पण ताणलेले असताना नव्हे. ते पोटाखाली गोळा झालेले असताना. एवढे डोळस चित्रकार, आणि कुणालाच ते दिसलं नव्हतं. पुढे हॅरल्ड एजर्टन यांनी सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागापुरता लखलखणारा फ्लॅश वापरून दुधाच्या थेंबाचा मुकुट टिपला. त्याचं गाजलेलं रंगीत चित्र १९५७चं. ते इंजिनिअर होते आणि कुणी कलावंत म्हटलेलं त्यांना रुचत नसे. त्या चित्राचं श्रेय यंत्राला द्यायचं असेल तर माझी हरकत नाही, फक्त ते यंत्र घडवणारा माणूस आणि चित्र टिपणारा माणूस एकच होता. आणि तो दुधाच्या थेंबांच्या मागे १९३०च्या दशकापासून लागलेला होता.

यंत्र काय दाखवेल हे जसं ठरवतं, तसं काय दाखवणार नाही हेही ठरवतं. छायाचित्रणाच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या डागेर यांनी १८३८ साली पॅरिसच्या एका रस्त्याचं वरच्या खिडकीतून चित्र घेतलं. रस्ता वर्दळीचा होता, पण एक्स्पोजर काही मिनिटांचं, त्यामुळे चालणारी माणसं, गाड्या, घोडे सगळं पुसून गेलं. चित्रात स्पष्ट उमटला तो बूट पॉलिश करून घेत एका जागी उभा राहिलेला माणूस. छायाचित्रात आलेला हा बहुधा पहिला माणूस, आणि तो निवडला कुणी? शटरच्या संथपणाने.

हे इथवर गमतीचं वाटतं. पुढची गोष्ट गमतीची नाही. रंगीत फिल्मच्या जमान्यात प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एक नमुना-कार्ड मिळायचं. त्यावर गोऱ्या कांतीच्या बाईचा फोटो असायचा. कोडॅकच्या त्या कार्डाला 'शर्ली कार्ड' हे नाव पडलं. तिची त्वचा नीट आली की यंत्र जुळलं. सावळ्या आणि काळ्या माणसांचे चेहरे त्या फिल्मवर मातीच्या गोळ्यासारखे यायचे, डोळे आणि दात तेवढे चमकायचे. शाळेच्या गटफोटोत गोरी आणि काळी मुलं शेजारी बसली तर एक तरी बिघडायचाच. गडद छटांसाठी फिल्म सुधारण्यामागे दबाव कुणाचा होता? कंपनीच्याच माणसांनी नंतर सांगितलं की तक्रारी आल्या त्या चॉकलेट बनवणाऱ्यांच्या आणि लाकडी फर्निचरवाल्यांच्या. त्यांच्या मालाच्या छटा फोटोत वेगळ्या दिसत नव्हत्या. नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण सहज म्हणून जातो. काही वेळा अंगण खरोखर वाकडं असतं, आणि ते कुणीतरी आपल्यापुरतं सपाट मोजून घेतलेलं असतं.

तेव्हा कॅमेरा महत्त्वाचा आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शंका आहे ती त्याचं नाव तुम्हाला चित्र बघण्याआधी कशासाठी हवं, याबद्दल.

अमेरिकन छायाचित्रकार आन्सेल अ‍ॅडम्स यांचं न्यू मेक्सिकोतल्या एका गावावर उगवलेल्या चंद्राचं चित्र तुम्ही सगळ्यांनी पाहिलं असेल. १९४१ सालची संध्याकाळ. मावळत्या उन्हात स्मशानातले पांढरे क्रूस उजळलेले, मागे ढगांची पट्टी, वर चंद्र. अ‍ॅडम्स यांनी मोटार थांबवली, आठ बाय दहा इंचांच्या निगेटिव्हचा भलामोठा कॅमेरा तिकाटण्यावर चढवला आणि लक्षात आलं की प्रकाश मोजायचं मीटर सापडत नाही. ऊन क्रुसांवरून सरकायला लागलेलं. त्यांना चंद्राची तेजस्विता पाठ होती, चौरस फुटाला २५० कँडल. त्यावरून मनातल्या मनात एक्स्पोजर काढलं आणि शटर उघडलं. दुसरं निगेटिव्ह घ्यायला फिल्मचा होल्डर उलटा करेपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलं. एकच निगेटिव्ह, तेही हाताळायला अवघड. त्यापुढे जवळपास चाळीस वर्षं ते त्या निगेटिव्हच्या प्रती छापत राहिले. सुरुवातीच्या प्रतींत आकाशात फिकट ढग दिसतात, नंतरच्या प्रतींत ते आकाश जवळजवळ काळं झालेलं आहे. या चित्राची प्रवेशिका तुमच्याकडे आली असती तर रकान्यात 'आठ बाय दहा व्ह्यू कॅमेरा' एवढं लिहिलेलं असतं. पाठ असलेला आकडा, सापडत नसलेलं मीटर आणि डार्करूममधली चाळीस वर्षं यांच्यासाठी रकाना नाही.

अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग यांची गोष्ट मला याहून जवळची वाटते, कारण तिच्यात हुशारी फार कमी आणि कुरतडत राहणारी टोचणी जास्त आहे. १९३६चा मार्च, पाऊस, महिनाभराचं काम उरकून त्या एकट्या मोटारीने घरी निघाल्या होत्या. रस्त्याच्या कडेला वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीची पाटी दिसली. त्यांनी गाडी थांबवली नाही. पुरेसे फोटो झालेत, आता घर गाठायचं, असं स्वतःला समजावत त्या वीसेक मैल पुढे गेल्या आणि मग गाडी वळवली. छावणीत एक उपाशी आई मुलांसह ताडपत्रीच्या आडोशाला बसलेली होती. लँग यांनी एकाच दिशेने जवळ जवळ सरकत मोजकीच चित्रं घेतली. शेवटच्यात दोन मुलं पाठमोरी, आईच्या खांद्यांवर मान टाकलेली, आणि तिचा हात गालाशी. कॅमेरा होता ग्राफ्लेक्स, चार बाय पाच इंचांच्या निगेटिव्हचा. तो चांगला होता हे खरं. पण तोच कॅमेरा वीस मैलांपर्यंत गाडीत गप्प पडून होता.

(त्या आईचं नाव लँग यांनी विचारलं नव्हतं. ते जगाला कळायला १९७८ साल उजाडलं, आणि त्या बाईला या प्रसिद्धीचा आनंद झालेला नव्हता. थोर छायाचित्रकाराच्या नजरेतही असं काही निसटतं, आणि त्याचा दोष कुठल्याच कॅमेऱ्याला देता येत नाही.)

याचा अर्थ शंभर टक्के श्रेय छायाचित्रकाराचं, असाही मी काढत नाही. हातातलं यंत्र माणसाला कुठे उभं करतं आणि समोरच्याशी कसं वागायला लावतं, हे आपण फारसं बोलत नाही. ओस्कर बार्नाक यांनी घडवलेला लायका कॅमेरा १९२५ साली बाजारात आला. सिनेमाची ३५ मिमी फिल्म, खिशात मावणारी पेटी. फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या हातात तो १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला आला आणि ते रस्त्यावर चालणाऱ्यांपैकीच एक होऊन गेले. १९३२ साली एका स्टेशनामागच्या फळ्यांच्या कुंपणातल्या फटीला त्यांनी भिंग लावलं आणि साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा माणूस टिपला. फळी आड आल्यामुळे नंतर ते चित्र त्यांना कापावं लागलं. एरवी कापाकापीला त्यांचा कडवा विरोध. असो, नियम सगळेच करतात. सांगायचं ते इतकंच की आठ बाय दहाचा कॅमेरा त्या फटीत शिरला नसता, आणि अ‍ॅडम्स यांच्या क्रुसांचे बारकावे लायकाच्या त्या काळच्या फिल्मवर आले नसते.

रोलायफ्लेक्स कॅमेऱ्याचं आणखी वेगळं. तो पोटाशी धरून वरून मान खाली घालून पाहायचा असतो. कॅमेरा डोळ्याला लावला की समोरचा सावध होतो. इथे छायाचित्रकार मान झुकवून उभा असतो आणि चित्र कमरेच्या उंचीवरून निघतं. व्हिव्हियन मायर या शिकागोत मुलं सांभाळण्याचं काम करत. रस्त्यावरची माणसं त्यांनी कितीतरी वर्षं या कॅमेऱ्याने टिपली आणि ती चित्रं कुणाला दाखवली नाहीत. २००७ साली त्यांच्या सामानाचा लिलाव झाला तेव्हा निगेटिव्ह उजेडात आले. ते एक लाखाहून जास्त निघाले, शिवाय कित्येक रोल न धुतलेलेच. त्यांच्या चित्रांतली मुलं आणि म्हातारी माणसं उंच, भारदस्त दिसतात, त्यात रोलायफ्लेक्सच्या उंचीचा वाटा नक्की आहे. भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्या हातातला स्पीड ग्राफिक कॅमेरा मात्र लपवण्यातला नव्हता. प्रत्येक चित्रानंतर प्लेट बदलायची, फ्लॅशचा बल्ब बदलायचा. असा कॅमेरा घेऊन नेत्यांच्या घोळक्यात उभं राहायचं तर नेमकी कुठली क्षणार्धाची हालचाल होणार हे आधी ताडावं लागतं, कारण दुसरी संधी मिळेपर्यंत माणूस निघून जातो. सेकंदाला वीस चित्रं काढणाऱ्याला हे ताडण्याची सवय लागेल कशी? लागते, पण ती त्याला मुद्दाम लावून घ्यावी लागते.

एकच विषय, दोन छायाचित्रकार, असा प्रसंग क्वचित येतो. भोपाळ दुर्घटनेनंतर, डिसेंबर १९८४ मध्ये, मातीत पुरल्या जाणाऱ्या एका बालकाच्या चेहऱ्याचं चित्र रघु राय यांनी कृष्णधवल घेतलं आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत. तेच उघडे डोळे, तीच माती. रंगीत चित्राला वर्ल्ड प्रेस फोटो या वृत्तछायाचित्रांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा त्या वर्षीचा सर्वोच्च सन्मान मिळाला. कृष्णधवल चित्र त्या दुर्घटनेची खूण होऊन राहिलं. एकात ती नुकतीच घडलेली घटना वाटते, दुसऱ्यात ती संपतच नाही असं वाटतं. रंगीत फिल्म की कृष्णधवल, ही यंत्राची बाब म्हणायची की माणसाची? मी कित्येकदा ही दोन चित्रं शेजारी ठेवून पाहिली आहेत आणि मला त्या दोघांतली रेघ ओढता आलेली नाही. कॅमेऱ्यांची नावं शोधावीत असं मात्र एकदाही वाटलं नाही.

कॅमेऱ्याचं नाव खरंच लागतं ते न्यायाच्या वेळी. व्हिएतनाममधल्या, अंगावर भाजून विवस्त्र पळणाऱ्या मुलीचं १९७२चं चित्र नेमकं कुणी काढलं, यावर २०२५ साली वाद उभा राहिला. एपी या वृत्तसंस्थेने केलेल्या तपासात निगेटिव्ह पेन्टॅक्स कॅमेऱ्याचं असण्याची शक्यता जास्त दिसली, तर निक उट यांनी ते लायकाने काढल्याचं इतकी वर्षं मानलं जात होतं. श्रेय काढून घेण्याइतका पुरावा नाही म्हणून एपीने ते उट यांच्याकडेच ठेवलं. वर्ल्ड प्रेस फोटोने आपल्याकडचं श्रेय स्थगित केलं. अशा कामासाठी यंत्राची नोंद मोलाची आहे. ती तुमच्या लखोट्यात राहू द्या. निकालानंतर उघडा, शंका आल्यास तपासा. तुमचा प्रायोजक कॅमेरे विकणारा असेल तर त्यालाही निकालानंतर सांगा कुठल्या कंपनीला किती बक्षिसं मिळाली. त्याचा ऊर भरून येऊ दे.

आता मागणीचा दुसरा भाग. रकाना काढल्यावर रिकाम्या जागी काहीतरी हवंच असेल, तर विजेत्या ठरू शकणाऱ्या प्रत्येक चित्राच्या आधीची पाच आणि नंतरची पाच चित्रं मागवा. फिल्मच्या काळात यालाच कॉन्टॅक्ट शीट म्हणायचे. अख्खा रोल एका कागदावर, चुकांसकट.

अमेरिकन छायाचित्रकार डायान आर्बस यांचं १९६२चं चित्र आठवा. बागेतला किडकिडीत मुलगा, हातात खेळण्यातला हातबॉम्ब, दुसऱ्या हाताची बोटं नखांसारखी वळलेली, चेहरा पिसाळलेला. त्याच दुपारची कॉन्टॅक्ट शीट प्रसिद्ध आहे. इतर चौकटींत तोच मुलगा कमरेवर हात ठेवून मजेत उभा आहे, हसतो आहे, चारचौघांसारखा. या बाईंनी भोवती फिरत फिरत त्याला कंटाळा आणला, आणि त्याचा वैताग उसळला ती एक चौकट उचलली. त्या मुलाशी हे न्यायाचं झालं का, यावर भांडायला मी तयार आहे, पण छायाचित्रकार कुठे होती हे त्या कागदावर दिसतं. कॅमेऱ्याने सगळ्या चौकटी सारख्याच इमानाने टिपल्या होत्या.

आजच्या कॅमेऱ्यांमुळे तर हे जास्तच गरजेचं झालं आहे. सेकंदाला १२० चित्रं टिपणारे कॅमेरे आहेत. बटण पूर्ण दाबण्याच्या आधीची अर्धा सेकंदाची चित्रंही साठवून ठेवणारे आहेत. पक्षी उडाल्यावर बटण दाबा, उडण्याआधीचा क्षण आत हजर. फोन तर पडद्यावर दृश्य दिसायला लागल्यापासूनच चौकटी गोळा करत असतो. बटण दाबण्याचा क्षण हा पूर्वी छायाचित्रकाराच्या सहीसारखा होता. ती सही आता निवडीत सरकली आहे. सुलावेसी बेटावरच्या माकडाने छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यावर स्वतःचे दात विचकलेले फोटो काढले, त्यावरून अमेरिकेत कोर्टकचेरी झाली, ती याच गोंधळातून. बटण माकडाने दाबलं. तिथवर जाणं, कॅमेरा मांडणं, शेकडोंतून नेमकं चित्र काढणं हे माणसाने केलं. माकडाला हक्क मिळाला नाही. माणसाच्या पदरात मनस्तापच जास्त पडला.

शेजारच्या चौकटी मागवल्या की बनवाबनवीही बरीचशी उघडी पडेल. २०२३ साली एका जगप्रसिद्ध स्पर्धेत बोरिस एल्डागसेन यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेलं चित्र पाठवलं, ते निवडलं गेलं आणि त्यांनी स्वतःच उठून बक्षीस नाकारलं. पुढच्या वर्षी माइल्स अ‍ॅस्ट्रे यांनी उलटा डाव टाकला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विभागात खऱ्या फ्लेमिंगोचं खरं छायाचित्र पाठवलं आणि तेही बक्षिसापर्यंत पोचलं. दोन्हीकडचे परीक्षक आपल्यासारखेच, एक सुटं चित्र बघून ठरवणारे. आणि बनवाबनवीला नवं तंत्र लागतंच असंही नाही. वन्यजीव छायाचित्रांच्या मोठ्या स्पर्धेत २००९ साली फाटकावरून उडी घेणाऱ्या लांडग्याचं चित्र पहिलं आलं. काही महिन्यांत परीक्षकांनी ते बाद केलं, कारण लांडगा बहुधा माणसाळलेला, भाड्याने मिळणारा होता असा त्यांचा निष्कर्ष झाला. छायाचित्रकाराने हे नाकारलं. कॅमेरा उत्तम होता, मांडणी उत्तम होती, रकाना व्यवस्थित भरलेला असणार.

तुमच्या अडचणी मला माहीत आहेत. दहा जादा चित्रं तपासायला वेळ कुणाला? सगळ्यांची नका मागवू, शेवटच्या फेरीतल्यांची मागवा. काहींकडे नसतील. कुणी फिल्मवर एकच निगेटिव्ह घेतलं असेल, कुणी बाकीची पुसून टाकली असतील. त्यांनी तसं दोन ओळींत लिहावं. अ‍ॅडम्स यांनीही तेच लिहिलं असतं. फोन आणि कॅमेरा यांचे वेगळे विभाग करावेत का, असा सल्ला मला दोघातिघांनी दिला. करू नका. उद्या बत्तीस हजारांच्या फोनला आणि बत्तीस हजारांच्या कॅमेऱ्याला वेगळ्या रांगेत उभं करायचं कारण तुम्हाला स्पर्धकाला समजावून सांगता येणार नाही. वेगळे करायचेच तर विषयाने करा, म्हणजे उडत्या पक्ष्याशी खिडकीतल्या उन्हाची तुलना करण्याची पाळी येणार नाही आणि लांब भिंग नसलेल्यावर आपोआप होणारा अन्याय कमी होईल.

त्या सायकलवरच्या मुलाचं चित्र माझ्याकडे नाही. परीक्षकांना प्रती ठेवायची परवानगी नव्हती, आणि स्पर्धकाचं नाव आम्हाला दाखवलेलं नव्हतं. कॅमेऱ्याचं दाखवलं होतं, ते अजून पाठ आहे. मागचं चाक चित्राच्या उजव्या कडेला किंचित कापलेलं होतं आणि मुलाचं डोकं हललेलं असूनही चाकाचा मधला तुंबा स्थिर होता, एवढं आठवतं. स्थिर तुंबा म्हणजे काढणाऱ्याने फोन सायकलीच्या वेगाने फिरवला असणार. हे मला तेव्हा दिसायला हवं होतं.

पुढच्या स्पर्धेची प्रवेशिका निघाली की मीही एक चित्र पाठवणार आहे, सोबत त्याच्या शेजारच्या दहा चौकटी. त्यांतल्या सात अगदी वाईट आहेत. 'कॅमेरा व लेन्स' हा रकाना मी कोरा ठेवणार आहे. तेवढ्यावरून प्रवेशिका बाद करणार असाल तर आधी कळवा, म्हणजे शुल्क भरायचं थांबेन.

कळावे,
आपला,
एक स्पर्धक, आणि एकदाचा परीक्षक